खलिसी, खलाशी, ख्याती : एका बारशाचं प्रकरण

या प्रकरणातल्या मोठ्या माणसांची नावं बदलली आहेत आणि शहराचं नाव सांगितलेलं नाही. बाळाच्या नावांना मात्र हात लावलेला नाही. ती बदलली तर प्रकरणात काही उरतच नाही.

पार्श्वभूमी

पुण्याजवळच्या एका औद्योगिक शहरातलं घर. मानसी (वय 33) सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. निखिल (वय 35) वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. सोबत निखिलची आई आणि एक पांढरा गावठी कुत्रा. मानसीचं माहेर हर्णै बंदराजवळचं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका दोघांनी लग्नाआधीपासून मिळून पाहिलेली, आणि कुत्र्याचं नाव ‘घोस्ट’ हे त्यातल्याच पांढऱ्या लांडग्याचं.

कुत्र्याच्या नावाचं काय झालं ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातच दिसतं. ‘घोस्ट’ हे एका दमात संपणारं नाव, त्यात शेवटी ‘स्ट’. लांबून हाक मारली की तो ‘स्ट’ हवेतच विरतो. कुत्र्याला दोन अक्षरी, शेवटी स्वर लांबवता येणारं नाव पटकन कळतं. म्हणून तर मोती, टिपू, राजा ही नावं इतकी टिकली. आजींच्या तोंडी घोस्टचा ‘घोस’ झाला, सोसायटीच्या वॉचमनने त्याचा ‘गोष्ट’ केला आणि मग मराठी रिवाजाप्रमाणे ‘गोष्ट्या’. “गोष्ट्याऽऽ” म्हटलं की कुत्रा गेटपासून धावत येतो, ‘घोस्ट’ म्हटलं की फक्त कान हलवतो. लसीकरण कार्डावर अजून घोस्टच आहे आणि त्याने कुणाचं काही अडत नाही. कुत्र्याचं नाव चुकलं तर गल्लीच ते दुरुस्त करून घेते, कागदाला पत्ताही लागत नाही.

जून 2024च्या शेवटच्या आठवड्यात मुलगी झाली. मानसीने तिच्यासाठी नाव आधीच ठरवलेलं होतं : खलिसी, त्याच मालिकेतल्या एका नायिकेवरून.

हॉस्पिटलमधला रिकामा रकाना

हॉस्पिटलमध्ये जन्म झाला की माहिती निबंधकाकडे हॉस्पिटलच पाठवतं. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. त्या फॉर्मवर बाळाच्या नावाचा रकाना असतो. निखिल पेन घेऊन बसला होता. सिस्टर म्हणाल्या, “कॅपिटलमध्ये लिहा, स्पेलिंग नक्की आहे ना? नंतर धावपळ होते.” ते ‘एल’नंतर दोन ‘ई’ आहेत की ‘एस’नंतर, याची निखिलला खात्री नव्हती आणि मानसी झोपली होती. त्याने रकाना रिकामा ठेवला.

या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो कुणी विचार करून घेतलेला नव्हता. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969च्या कलम 14नुसार नावाशिवायही जन्माची नोंद होते. पुढे नोंदणीच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क टाकता येतं, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र एकदा टाकलेलं नाव ‘आता आवडत नाही’ म्हणून सहज बदलून मिळत नाही. अक्षराची चूक दुरुस्त होते. अख्खं नाव बदलायचं तर राजपत्र आणि त्यामागून येणारी कागदांची रांग.

2023च्या दुरुस्तीनंतर हे आणखी जड झालं आहे. 1 ऑक्टोबर 2023पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मप्रमाणपत्र चालतं. पासपोर्टसाठी फेब्रुवारी 2025मधल्या नियमबदलापासून या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून दुसरा कागदच चालत नाही. आधीच्या पिढीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर पक्कं व्हायचं, गुरुजी लिहितील ते. आता ते पहिल्या वर्षातच पक्कं होतं.

अडचण : तांदळाच्या ताटात

बारशाच्या आदल्या रात्री आत्या आली, म्हणजे निखिलची बहीण. तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहायचं म्हणून ताट पुसता पुसता तिने विचारलं, “पण लिहिणार कसं?”

तोवर हे नाव घरात कुणीच देवनागरीत लिहिलं नव्हतं. पडद्यावर आणि मोबाइलवर ते कायम रोमन लिपीत. निखिलने बोटाने ‘खलीसी’ लिहिलं. मानसीने पुसून ‘खालेसी’ केलं, कारण मालिकेसाठी डोथ्राकी भाषा घडवणाऱ्या डेव्हिड पीटरसन यांच्या मते उच्चार साधारण तसाच व्हायला हवा; मालिकेतले नट म्हणतात तो त्यांना चुकीचा वाटतो. आत्याने ‘खलिसी’ लिहिलं, लिहायला सोपं म्हणून. आजी चष्मा न लावता डोकावल्या आणि मोठ्याने वाचलं : “खलाशी?”

मानसीचे वडील हर्णैहून आलेले. त्यांच्या गावात खलाशी हा रोजचा शब्द, मासेमारी बोटीवरचा माणूस. ते इतके हसले की बाळ दचकून उठलं.

त्या एका ताटाने तीन अडचणी उघड्या केल्या. नाव आपल्या लिपीत एका प्रकारे बसत नव्हतं. मराठी कान त्याला लगेच ओळखीच्या शब्दाकडे ओढत होता. आणि त्याचं लघुरूप धोक्याचं होतं. आत्याचा मुलगा दहा मिनिटांत ‘खली’वर आला आणि ‘द ग्रेट खली’ म्हणत दंड फुगवून दाखवू लागला. शाळेत हेच झालं असतं, फक्त पाच वर्षांनी. शिवाय मराठीत नुसत्या ‘खल’चा अर्थ दुष्ट, नाहीतर बत्त्याचा जोडीदार.

चौथी अडचण आजींकडून आली, पण उलट्या बाजूने. बाळाचं नक्षत्र श्रवण. पंचांगाप्रमाणे त्याच्या चार चरणांची अक्षरं खी, खू, खे, खो. या अक्षरांनी नाव शोधता शोधता भल्याभल्यांचे हात टेकतात. मानसी म्हणाली, “ख आला ना?” गुरुजींनी मान डोलावली, पण म्हणाले, “ख नाही, खी हवा.” आजी मात्र तेवढ्यावरही नरमल्या होत्या.

अर्थाचा घोळ

‘खलिसी’ हे मालिकेतल्या त्या नायिकेचं नावच नव्हे. पात्राचं नाव डेनेरिस. डोथ्राकी टोळ्यांचा सरदार तो ‘खल’ आणि त्याची बायको ती ‘खलिसी’. म्हणजे आपल्याकडे मुलीचं पाळण्यातलं नाव ‘पाटलीणबाई’ ठेवण्यासारखं. जगभर हजारो आईबापांनी ते ठेवलं. एकट्या अमेरिकेत 2018 साली पाचशेहून जास्त मुलींची ‘खलिसी’ म्हणून नोंद झाली. मग मे 2019मध्ये मालिका संपता संपता हेच पात्र शरण आलेलं शहर जाळतं, आणि त्या आईबापांची चांगलीच पंचाईत झाली. मालिका संपायच्या आधी पात्राचं नाव मुलाला देणं म्हणजे निकाल लागायच्या आधी पेढे वाटणं. 2024मध्ये मानसीला शेवट माहीत होता, ही तिची जमेची बाजू. तिचं म्हणणं वेगळंच होतं : विकली गेलेली एक मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहते, तेवढं नावात राहिलं तरी पुरे.

आणखी एक मुद्दा ती मांडत होती आणि तो खोडण्यासारखा नाही. प्रत्येक नाव कधीतरी नवं असतं. ‘व्हेनेसा’ हे नाव जोनाथन स्विफ्टने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या मैत्रिणीच्या नावाचे तुकडे जोडून बनवलं. आज ते कुणाला बनावट वाटत नाही. आपल्याकडे हल्ली बालवाडीच्या हजेरीपटावर दिसणारी कियान, रियांश ही नावं तरी कोणत्या कोशात आहेत? बनावट असणं हा नावाचा दोष नाही. ते रोज ज्या तोंडांतून आणि ज्या रकान्यांतून जाणार आहे, तिथे ते टिकतं का, एवढंच पाहायचं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय अर्थातच खलिसी हेच कागदावरचं नाव. 1 मे 2024पासून जन्मलेल्यांच्या शालेय आणि महसुली कागदांवर महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. ‘खलिसी मानसी निखिल’ आणि पुढे तीन अक्षरी मराठी आडनाव, असं आत्याने सलग म्हणून दाखवलं. पहिला शब्द परका आणि बाकीचे तीन घरचे, हे कानाला लगेच जाणवतं. तेवढ्यावरून कुणी नाव सोडू नये, पण पूर्ण नाव एकदा मोठ्याने म्हणून पाहावं.

दुसरा पर्याय आर्या. मालिकेतलंही आणि आपलंही. आजींना लगेच मोरोपंत आठवले. पण त्याच मजल्यावर एक आर्या होती, शेजारच्या इमारतीत दोन, आणि मानसीच्या दृष्टीने नाव शोधण्याचा सगळा खटाटोपच त्यात बुडत होता.

तिसरा पर्याय आत्याने सुचवला, आणि तो या प्रकरणातला खरा शहाणपणाचा. नामकरण संस्कारात मुळातच चार नावं असतात : कुलदेवतेवरून, महिन्यावरून, नक्षत्रावरून आणि चौथं व्यवहारातलं. त्याखेरीज प्रत्येक घरात एक हाक मारायचं नाव असतंच. बबी, ताई, छकुली यांची कुठल्याही कार्यालयात नोंद नसते, तरी माणसं साठीपर्यंत त्या नावाला ‘ओ’ देतात. तेव्हा ‘खलिसी ठेवायचं की नाही’ यापेक्षा ‘कोणत्या जागी ठेवायचं’ हा प्रश्न सोपा होता.

चौथा पर्याय थांबण्याचा. बारा महिने हातात होतेच.

काय केलं

बारसं ठरल्या दिवशीच झालं. ताटात फक्त ‘श्री’ लिहिलं. आत्याने चार नावं सांगून झाल्यावर बाळाच्या कानात कुर्रर्र करून ‘खलिसी’ म्हटलं, पाठीवर रीतसर धपाटे खाल्ले, घुगऱ्या वाटल्या. कागदाचं नंतर पाहू, असं ठरलं.

पुढे मानसीने तिच्या धंद्याला शोभेल अशी चाचणी लावली. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींसाठी दवाखान्यात जायचंच होतं. दर वेळी काउंटरवर नाव तोंडी सांगायचं, स्पेलिंग सांगायचं नाही, आणि समोरच्याने काय लिहिलं ते पाहायचं. तीन वेळा तीन वेगळी माणसं, तीन वेगळी नावं : खलीशी, कलासी, खालिदा. तिसऱ्या वेळी तर हाक मारल्यावर आपलाच नंबर आहे हे दोघांना कळलं नाही आणि मागचं बाळ पुढे गेलं.

दरम्यान ऑगस्टच्या सुरुवातीला इंग्लंडमधली एक बातमी आली. स्विंडन इथल्या सहा वर्षांच्या खलिसीचा पासपोर्ट, हे नाव ट्रेडमार्क आहे, कंपनीची परवानगी आणा, असं सांगून अडवला गेला. पुढे तिथल्या पासपोर्ट कार्यालयाने चूक मान्य करून माफी मागितली. निखिल घाबरला. तसं काही कारण नव्हतं. ट्रेडमार्क हा माल आणि सेवांच्या व्यापारापुरता असतो, पोरीला हाक मारण्याशी त्याचा संबंध नाही. तरी घाबरलेल्या बापाला कायदा समजावून उपयोग नसतो. त्या रात्री त्याने ‘आपण आर्याच ठेवू’ म्हटलं आणि दोन दिवस घरात अबोला झाला. हा निर्णय भीतीने झाला असता तर मानसीच्या मनात तो कायम सलत राहिला असता. तो मोडला हे बरं झालं.

डिसेंबरमध्ये मानसीनेच माघार घेतली, आणि कारण साधं होतं. आजी बाळाला सरळ ‘खलाशी’ म्हणत होत्या, बाळ त्याला हसत होतं, आणि घरात ‘खलिसी’ कुणीच म्हणत नव्हतं, मानसीसुद्धा नाही. ती ‘लिशू’ म्हणायची. जे नाव सहा महिन्यांत घरच्यांच्या तोंडी बसलं नाही, ते कागदावर चढवून काय साधणार?

मग कागदासाठी शोध सुरू झाला. अट एकच : सुरुवात ‘ख’ने, इंग्रजी आद्याक्षरं तीच राहावीत. खुशी आजींना पसंत होतं, मानसीला नाही. हर्णैच्या आजोबांनी फोनवर ‘ख्याती’ म्हटलं. पंचांगाच्या काटेकोर हिशेबात ‘ख्या’ म्हणजे ‘खी’ नव्हे; गुरुजींना विचारायचं कुणी मुद्दाम टाळलं.

आणि मग साधं नावही अडलं

जानेवारी 2025मध्ये निखिलने नोंदणी कार्यालयात अर्ज दिला : दोघांच्या सह्या, दोघांची आधार कार्डं, नाव नसलेल्या जन्मप्रमाणपत्राची प्रत. अर्जात इंग्रजी रकाना नीट भरला, मराठी रकान्यात घाईघाईने खरडलं. प्रमाणपत्र मिळालं, त्याने इंग्रजी नाव पाहिलं, घडी करून खिशात टाकलं.

मार्चमध्ये बाळाचं आधार काढताना केंद्रावरच्या पडद्यावर मराठी नाव झळकलं ते ‘ख्याती’, आणि समोर ठेवलेल्या प्रमाणपत्रावर होतं ‘खयाती’. इंग्रजी अक्षरांवरून यंत्राने केलेल्या लिप्यंतरात जोडाक्षर असं फुटतं. ज्ञ, क्ष, ख्य, द्य, ऋ असलेल्या नावांना हा ताप नेहमीचा. इतके महिने खलिसीचं देवनागरी कसं होईल यावर घर डोकं फोडत होतं, आणि शुद्ध तत्सम नाव मात्र कुणी तपासलं नाही.

दुरुस्ती कलम 15खाली झाली. अर्ज, प्रतिज्ञापत्र, दोघांची ओळखपत्रं. तीन खेपा पडल्या. पहिल्यांदा संबंधित अधिकारी रजेवर. दुसऱ्यांदा प्रतिज्ञापत्रावर आईची सही नाही म्हणून परत. तिसऱ्यांदा काम झालं. त्यात कारखान्याच्या दोन अर्ध्या रजा गेल्या. ही निव्वळ अक्षराची चूक होती म्हणून एवढ्यावर निभावलं.

आता काय स्थिती आहे

मुलगी वर्षाची झाली तेव्हा कागदावर ख्याती, आईच्या तोंडी लिशू, आजीच्या तोंडी खलाशी. मे महिन्यात हर्णैला गेल्यावर आजोबा तिला कडेवर घेऊन बंदरावर फिरवत आणि बोटीवरच्या पोरांना सांगत, “ही आमची खलाशी, पण पगार मागत नाही.” बाळ तिन्ही नावांना वळून पाहतं. ‘खलिसी’ला मात्र नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नाव ठरवलं त्याच दिवशी ते देवनागरीत लिहून पाहायला हवं होतं, आणि एकट्याने नव्हे. तीन माणसांना फोनवर नुसतं नाव सांगून लिहायला लावायचं. तिघांनी सारखं लिहिलं तर ठीक, नाहीतर पुढची वीस वर्षं प्रत्येक काउंटरवर स्पेलिंग सांगायची तयारी ठेवायची. काही लोकांना त्याचं काही वाटत नाही. मानसीला वाटत होतं, हे तिला तिसऱ्या लसीला कळलं.

आजींना आधी विचारायला हवं होतं. परवानगी म्हणून नव्हे, तर घरात दिवसातून सगळ्यात जास्त वेळा ते नाव त्याच घेणार होत्या म्हणून. कुत्र्याच्या वेळचा अनुभव गाठीशी असताना हे सुचू नये, हे जरा नवलच.

पात्राचं नाव की पात्राची पदवी, हे दहा मिनिटांत कळण्यासारखं होतं. मालिका सात-आठ वर्षं पाहूनही ते मानसीच्या ध्यानात बारशाच्या आठवड्यात आलं.

नाव टाकायचा अर्ज भरताना मराठी रकाना आधी भरावा, जोडाक्षर मोठं आणि सुटं काढावं, आणि प्रमाणपत्र काउंटर सोडण्यापूर्वी दोन्ही लिप्यांत अक्षर अक्षर वाचावं. बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, सगळंच.

राहिली शेवटची गोष्ट, पैशाची. बाळाच्या जन्माआधीच मानसीने नाव भरतकाम केलेली दुलई मागवली होती, रोमन अक्षरांत, दोन्ही ‘ई’ बरोबर जागी. अशा मागवलेल्या वस्तू परत घेत नाहीत. दुलई बाल्कनीत अंथरलेली आहे आणि तिच्यावर गोष्ट्या झोपतो.